काढीव मुहूर्त

९ जून

तिसरी केमो. गॅरेजवाल्या सलीमच्या गाडीतून गेलो. मोशीपासून हॉस्पिटलपर्यंत प्रत्येक खड्ड्याला सलीम ‘सॉरी जाधवसाहेब’ म्हणत होता. शेवटी म्हटलं, बाबा रे, खड्डे तू खणलेले नाहीस, गप गाडी चालव.

सिस्टर म्हणाली रोज लिहीत जा काका. काय खाल्लं, काय टिकलं, काय त्रास झाला. बरं. खाल्लं : अर्धी वाटी पेज. टिकलं : नाही. त्रास : सगळ्यांचाच.

वॉर्डात टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम. खुर्च्यांवर ओळीनं माणसं, हाताला नळ्या, निम्म्यांच्या मांडीवर उलटीचं भांडं, आणि समोर ती बाई पनीरवर बटर सोडतेय. म्हटलं चॅनल बदला. वॉर्डबॉय म्हणाला रिमोट हरवलाय. अरे मग प्लग काढ की! मी उठलो तर नळी ओढली गेली आणि सिस्टर माझ्यावरच ओरडली. शेवटपर्यंत पनीर बघत बसलो.

११ जून

नळाखाली हात धरला आणि झिणझिण्या थेट कोपरापर्यंत. करंट बसल्यासारखं. ठिबकून देतात त्या औषधाचा हा गुण, गार काहीही सोसत नाही. फ्रिज बायको उघडते, शैला. पाणी कोमट. पंखा बंद. लोकरीचे हातमोजे घालून गॅलरीत बसलो तर खालची पोरं बोट दाखवून हसली. हसा लेको.

दुपारी बी विंगचे कुलकर्णी. गव्हांकुरांचा रस घेऊन. त्यांच्या साडूचा कॅन्सर म्हणे रसानंच पळाला. मग साडू कुठं असतात हल्ली? तर गेले. ‘पण ते हार्टनं गेले हो, कॅन्सर नव्हता राहिला.’

रस कुंडीत ओतला. तुळस अजून जिवंत आहे.

१४ जून

शैलाला विचारलं, ऑपरेशनची तारीख काय. पहिल्या दिवसापासून सांगतायत की केमोनं गाठ बारीक होईल, मग ऑपरेशन, मग झालंच. ‘बघू म्हणाल्यात डॉक्टरबाई.’ मग दिलीपला फोन केला. दिलीप म्हणजे शैलाचा धाकटा भाऊ, पिंपळे सौदागरला राहतो. माझ्या पोटाचा सगळा कारभार सध्या त्याच्याकडे. फाईल त्याच्याकडे, रिपोर्टचे मेसेज त्याच्या मोबाईलवर, डॉक्टरबाईंशी बोलायचं त्यानं. मला बाहेर बाकड्यावर बसवतात. ‘दाजी, तुम्ही कशाला लोड घेता, मी आहे ना.’

तू आहेस रे. पण पोट माझं आहे.

मी चाकणला कंपनीत प्लॅनिंग बघतो. उभं आयुष्य त्यातच गेलं. डिस्पॅचची तारीख धरायची आणि तिथून मागं मागं यायचं, पेंट कधी, प्रेस कधी, माल कधी. त्यामुळं मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. ज्या कामापुढं ‘बघू’ लिहिलेलं असतं ते काम होत नसतं.

१८ जून

तळपायाची सालं निघतायत. गोळ्यांमुळं. संडासापर्यंत जायचं म्हणजे निखाऱ्यावरून जायचं. खाल्लं : मऊ भात दोन घास, ताक (कोमट ताक! काय दिवस आलेत). टिकलं : हो.

कंपनीतून नवीन पोरगा बोलला, माझ्या जागी बसतो तो. ‘सर, ब्रॅकेटचा स्टॉक सिस्टीममध्ये दिसतोय पण शॉपवर मिळत नाहीये.’ म्हटलं, पेंट शॉपच्या मागं जुन्या ट्रॉल्या आहेत तिथं बघ. परत फोन : ‘सापडला सर.’ लई बरं वाटलं. मग तो म्हणाला, ‘सर आराम करा, आता आम्ही बघतो.’ फोन आपटला. सारखं कुणीतरी माझं बघतंय.

२२ जून

दिलीप आला, बरोबर पेढे. प्राजूच्या लग्नाची तारीख बदलली. आपल्या पोरीचं, प्राजूचं लग्न फेब्रुवारीत ठरलेलं. ओंकार, म्हणजे जावई, कंपनीच्या कामाला जर्मनीत, जानेवारीत येणार, मग बार उडवायचा. पिंपळे गुरवच्या चव्हाणांनी, म्हणजे व्याह्यांनी, कार्यालयसुद्धा बघून ठेवलेलं.

आता म्हणे १४ ऑगस्ट.

‘ऑगस्ट? श्रावणात? चातुर्मासात कुठं लग्नं लागतात?’

‘गुरुजींनी काढीव मुहूर्त दिलाय दाजी. हल्ली सगळे करतात. ओंकारला आठ दिवस रजा मिळतेय, म्हटलं उरकून टाकू.’

शैला स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. प्राजू मोबाईलमध्ये डोकं घालून. मी पेढा तोंडात घातला, लोखंडाची चव, थुंकला. मला वाटलं, बरंय, लवकर तर लवकर.

२३ जून

सकाळी दाढी करताना डोक्यात उजेड पडला.

काढीव मुहूर्त कधी काढतात? अडचण असली की. मुलगा परदेशी चालला, नाहीतर पोरीचं काही निस्तरायचं असलं, नाहीतर घरातलं कुणीतरी जायला टेकलंय. बाप गेला की वर्षभर घरात मंगलकार्य नाही. मग आधीच उरका.

ऑपरेशनला तारीख नाही. लग्नाची तारीख सहा महिने अलीकडं. अरे, मी प्लॅनर आहे! लाईन बंद पडणार असली की आधी स्टॉक काढून ठेवतात, हे मी स्वतः केलंय कितीदा तरी. माझ्या मरणाची तारीख धरून हे लोक मागं मागं आले आणि १४ ऑगस्टला थांबले. आणि वर मलाच पेढा!

अर्ध्या दाढीनं बाहेर आलो. स्टीलचा तांब्या फेकला. भिंतीचा टवका उडाला, तांब्याला पोचा पडलाय. शैला म्हणाली, ‘अहो काय झालं?’ बोललो नाही. बोललो असतो तर काय काय बोललो असतो देव जाणे.

२५ जून

बोललो शेवटी. प्राजू ऑफिसला गेल्यावर.

‘किती दिवस सांगितलेत?’

‘काय बोलताय अभद्र.’

‘शैला, मी विचारतोय, किती सांगितलेत?’

ती तांदूळ निवडत होती. निवडतच राहिली. मग ताट बाजूला ठेवून पदर तोंडाला लावला. पसरलंय म्हणे, लिव्हरवर. पहिल्याच दिवसापासून. ऑपरेशन होणारच नव्हतं. दिलीपला माहीत, प्राजूला माहीत, व्याह्यांना माहीत. गुरुजींना माहीत! धुणंभांडीवाल्या मंगलला माहीत! मोशीत एक मी सोडून सगळ्यांना माझी खबर.

‘तुम्ही खचाल म्हणून नाही सांगितलं.’

खचाल! मी कमावता माणूस, हिच्या बापाची आजारपणं काढली, दिलीपला नोकरीला चिकटवला, आणि मला न विचारता मला खचवून मोकळे. दिवसभर जेवलो नाही. तसंही काय जेवत होतो म्हणा.

२८ जून

सलीम गॅरेज बंद करून बसायला आला. त्याला सगळं सांगितलं. वाटलं हाही म्हणेल, जाने दो. तर तो दाढी खाजवत म्हणाला, ‘जाधवसाहेब, गाडी माझ्याकडं आली तर मी मालकाला सांगतो काय बिघडलंय, का शेजाऱ्याला? पेशंट आप हो ना? मग आत तुम्ही जायचं. बाकी सब बाहर.’

आईशप्पथ, एवढं सरळ कुणी बोललं नव्हतं.

३० जून

चौथी केमो. त्याआधी डॉक्टरबाई. दिलीप फाईल घेऊन उठला. मी त्याच्या हातातून फाईल घेतली. ‘बस खाली.’ ‘दाजी, पण...’ ‘बस म्हटलं ना!’ अख्खा पॅसेज बघायला लागला. शैलानं डोळे मिटून घेतले.

आत गेलो, दार लावलं. डॉक्टरबाई लहानच आहे वयानं, प्राजूपेक्षा दहाएक वर्षांनी मोठी असेल. म्हटलं, मला काय झालंय ते मला सांगा. ती म्हणाली, घरच्यांनी विनंती केली होती, ते सावकाश सांगतो म्हणाले होते. मग सांगितलं. चांगलं सांगितलं, तोडून-मोडून नाही. बरं होणार नाही. औषध चालतंय तोवर रेटायचं. मागच्या स्कॅनमध्ये वाढलेलं नाही, ही चांगली गोष्ट.

‘फेब्रुवारी?’

‘असंच चाललं तर का नाही. पण मी शब्द देऊ शकत नाही.’

आणि एक कळलं. दिलीपनं विचारून ठेवलेलं की ऑगस्टमधली केमो पुढं ढकलता येईल का, फोटोत जरा बरे दिसतील. फोटोत!

डॉक्टरबाईंना म्हटलं, इथून पुढं जे काही ते मला सांगायचं, फक्त मला. मेसेजसाठी माझा नंबर लिहून घेतला. फाईल आता माझ्या पिशवीत.

येताना गाडीत दिलीप मागं बसला. सलीमनं आरशातून माझ्याकडं बघितलं आणि हॉर्न वाजवला, समोर कुणी नसताना.

५ जुलै

प्राजूशी भांडण. कडाक्याचं.

मी : लग्न फेब्रुवारीतच. ठरलेलं तसं. मी काय ॲडव्हान्समध्ये मेलेलो नाही.

ती : ‘पप्पा, तुम्हाला माझ्या लग्नात असायचंय की जिंकायचंय?’

मी : घाईघाईत उरकलेल्या लग्नात मला उभं राहायचं नाही. लोक अक्षता टाकताना माझ्या तोंडाकडं बघणार, अजून किती. जेवताना तेच बोलणार. तुझं लग्न आहे का माझा निरोप समारंभ?

ती रडली, मग रडता रडता भडकली. माझीच पोरगी. ‘आणि मला काय वाटतं ते कुणी विचारलंय? मामानं ठरवलं, आईनं ठरवलं, आता तुम्ही ठरवताय!’

हे मात्र बरोबर लागलं.  मग विचारलं, तुला काय वाटतं?

बराच वेळ नखाचं रंगकाम खरवडत बसली. म्हणाली, फेब्रुवारी. ओंकार आठ दिवसांत लग्न करून विमानात बसणार, मग मी सासरी काय करू त्याच्याशिवाय, मला नाही आवडत हे. पण तुम्ही नसलात तर मी स्वतःला माफ नाही करणार.

म्हटलं, मी असतो. लिहून घे.

काय म्हणून बोललो देव जाणे. पण बोललो.

१० जुलै

व्याह्यांना मीच फोन केला. चव्हाण आधी अडखळले. ‘नाही म्हणजे, तुमच्या तब्येतीमुळंच आम्ही...’ म्हटलं, राव, माझ्या तब्येतीचं मी बघतो, तुम्ही कार्यालय बघा. हसले. मोकळे झाले बिचारे. त्यांच्या घरीही श्रावणातल्या लग्नावरून धुसफूस चाललेली.

१४ ऑगस्ट रद्द. फेब्रुवारी पक्का.

दिलीपला शैलानं कळवलं. तो म्हणाला, ‘दाजींचा हट्ट, उद्या काही झालं तर मला बोलायचं नाही.’ नाही बोलणार. मी कसा बोलणार तेव्हा?

खाल्लं : अर्धी भाकरी, दोडक्याची भाजी. टिकलं! शैलानं देवापुढं साखर ठेवली. भाकरीसाठी का फेब्रुवारीसाठी, विचारलं नाही.

२१ जुलै

पाचवी. टीव्हीवर क्रिकेट होतं, उपकार झाले.

२४ जुलै

आज हसलो. प्राजूला कुठून तरी सुचलं की कन्यादानात हातावरून पाणी सोडतात, तेव्हा पप्पांना झिणझिण्या आल्या तर? म्हणाली ट्रायल घेऊ. सोफ्यावर मी, शेजारी शैला, समोर प्राजू तांब्या घेऊन, तोच पोचा पडलेला. माझ्या ओंजळीवर धार धरली आणि मी असा किंचाळलो की कुलकर्णी दारात. ‘काय झालं?’ प्राजू म्हणे, ‘काही नाही काका, कन्यादान चाललंय.’

तिनं लगेच गुरुजींना फोन लावला. कोमट पाणी चालतं का? गुरुजी म्हणाले, गंगा काय गारच असते असं कुठं लिहिलंय, चालतं. आणि त्या दिवशी मुलीच्या आईबापाचा उपास असतो. म्हटलं, गुरुजी, माझी प्रॅक्टिस जोरात चालू आहे.

शैला पण हसली. कितीतरी दिवसांनी तिचे दात दिसले. मग आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

२ ऑगस्ट

पोट तट्ट फुगलंय. गॅसेस असतील. पँट कमरेला ढिली आणि पोटावर घट्ट, हा काय प्रकार. खाल्लं : पेज. टिकलं : थोडी.

शैलाला सांगितलं नाही. लगेच तोंड पडतं तिचं.

७ ऑगस्ट

स्कॅन. त्या नळकांड्यात ‘साँस लीजिए, साँस रोकिए’ म्हणणारी बाई हिंदी का बोलते? मराठी माणसाला मराठीत श्वास रोखता येत नाही का? टेक्निशियनला विचारलं. म्हणाला, मशीन तसंच आलंय काका. सगळ्यावर उत्तर तेच, तसंच आलंय.

११ ऑगस्ट

सहावी व्हायची होती. झाली नाही.

आत एकटाच गेलो. मीच नियम केलेला. डॉक्टरबाईंनी खुर्ची पुढं ओढून घेतली, तेव्हाच कळलं. वाढलंय. लिव्हरवर नवीन, पोटात पाणी. हे औषध आता पुरं पडत नाही, दुसरं सुरू करू, त्याचा उपयोग होईलच असं नाही.

‘फेब्रुवारी?’

पेन खाली ठेवलं तिनं. ‘जाधवकाका, तुमच्या मनात जे काही करायचं असेल ते लवकर करा.’

‘घरच्यांशी मी बोलू का, बाहेर आहेत का कुणी?’ असंही विचारलं. नको म्हणालो.

चीड आली. कुणावर ते कळेना. हिच्यावर नाही, ती बिचारी पाणी घ्या म्हणत होती, कोमट. त्या सगळ्या महिन्यांवर आली, ज्यात बाकड्यावर बसवलं मला. माझ्या तोंडावर आली. असतो म्हणे. लिहून घे म्हणे!

बाहेर शैला उभी राहिली. हातात पर्स घट्ट. ‘काय म्हणाल्या?’

‘सगळं ठीक आहे. रक्त जरा कमी आहे, म्हणून आज देत नाहीत. पुढच्या आठवड्यात.’

‘खरं ना?’

‘मग काय खोटं बोलतोय मी?’ केवढ्यानं ओरडलो. परत अख्खा पॅसेज.

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. खाली कँटीनमध्ये स्वतःसाठी चहा घेतला, बिस्कीट बुडवून खाल्लं.  मोशीत उतरताना सलीमनं माझा खांदा दाबला नुसता.

१३ ऑगस्ट

प्राजू शालू बघून आली. फोटो दाखवत होती, हिरवा की जांभळा. घाई नाही म्हणे, दिवाळीनंतर घेऊ, तेव्हा नवीन माल येतो. बरोबर आहे, म्हटलं. हिरवा.

पोटातलं पाणी काढायला जायचंय. सलीमला सांगितलंय, घरी म्हणायचं गॅरेजला गप्पा मारायला नेतोय. ‘ये ठीक नहीं है साहेब,’ म्हणाला. ठीक नहीं है, ते मला कळत नाही का?

१४ ऑगस्ट

आज झालं असतं. आतापर्यंत जेवणावळी उठल्या असत्या.

शैला भाजीला गेली, प्राजू ऑफिसात. गुरुजींना फोन लावला. विचारलं, अजून एखादा काढीव मुहूर्त निघतो का.

‘पण तुम्हीच तर फेब्रुवारी...’

‘हो, मीच.’

 पानं उलटल्याचा आवाज. म्हणाले, आता गणपती, लगेच पितृपक्ष, मग नवरात्र. ‘किती लवकर पाहिजे, जाधव?’

हा प्रश्न मी रोज विचारायचो गिऱ्हाइकाला. किती लवकर पाहिजे, खरं सांगा, म्हणजे तसं बसवतो. आणि ते नेहमी खोटं सांगायचे, आणि मला ते कळायचं.

म्हटलं, पितृपक्षाच्या आत. नाहीच जमलं तर नवरात्रात, कुठंही बसवा. पण घरी फोन करू नका. माझ्याच नंबरवर करा.

‘घरच्यांना काय सांगणार?’

‘बघू.’

शैला आली. पेज आणून ठेवली. एक चमचा घेतला आणि मीठ जास्त झालंय म्हणून ओरडलो तिच्यावर. मला चव कळतच नाही, तिला माहीत आहे ते.  वाटी उचलून आत गेली आणि थोडं पाणी घालून परत घेऊन आली. कोमट.

गुरुजींचा अजून फोन नाही.